लाल दोऱ्याचा दगड

सकाळी आंघोळीला गेलेली मुलगी तशीच बाहेर आली आणि तिने साबण आईच्या नाकासमोर धरला. साबण खालून सपाट होता आणि वरून घुमटासारखा गोल. कडा अशा एकसारख्या, की हा अंगाला लावायचा की अंगठीत बसवायचा, असा प्रश्न पडावा.

"आई, परत!"

"भांड्यांचाही तसाच झालाय," आई शांतपणे म्हणाली. "काल भाजीला बटाटे काढले, तर टोपलीत निम्म्या बटाट्यांचे घुमट. तुझ्या बाबांना विचार."

बाबा तेव्हा खिडकीशी उभे राहून एक स्टीलची वाटी पालथी धरून डुलत होते. ते डावीकडे झुकले की वाटीवरची उजेडाची रेघ उजवीकडे सरके. त्यांचा चेहरा समाधी लागल्यासारखा झाला होता.

त्यांना सगळी कॉलनी 'सुपरवायझर' म्हणायची. पाणीपुरवठ्याच्या कामावर त्यांचा सगळा जन्म गेला. कुठे गळती लागली की हे हजर, आणि जिथे पाणी दिसेल तिथेच खोदायला लावणार. रिटायर झाल्यावर देखरेख करायला घरात बायकोच उरली. "कांदा असा का चिरतेस?" "फडकं उलटं का पिळतेस?" बिचारीच्या नाकीनऊ आले. शेवटी तिनेच कुठूनतरी दगड घासायच्या क्लासचा पत्ता मिळवला आणि फी भरून मोकळी झाली.

"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात," ती म्हणाली. "जा, घाला घाव. दगडाला देवपण नाही आलं तरी चालेल, संध्याकाळी घराला घरपण येईल."

क्लास एका गॅरेजच्या मागच्या खोलीत चाले. शिकवणारे गृहस्थ उस्ताद म्हणून ओळखले जात. हात सोन्याचे, पण डोकं चाळणीचं. चाक सुरू केलं की पाणी विसरायचे आणि पाणी सोडलं की चाक. अकीक नावाच्या रंगीत दगडाची एक चकती कापायची, ती गरम लाखेने एका लाकडी कांडीच्या टोकाला चिकटवायची आणि कांडी फिरवत फिरवत ओल्या चाकावर धरायची. खाली सपाट, वर घुमट. याला म्हणायचं कॅबोशॉन.

"पैलू नाहीत, कोपरे नाहीत. सगळ्यात सोपा प्रकार," उस्ताद म्हणाले. नवख्या माणसाला फसवायला एवढं वाक्य पुरतं.

पारख मात्र कडक होती. दगड ट्यूबलाइटखाली धरायचा आणि हळूच फिरवायचा. उजेडाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडखळता सरकली पाहिजे. जिथे अडखळली, तिथे सपाटी राहिली.

"आणि सपाटी दिसली की नेमकं तिथेच घासू नका," उस्ताद बजावत. "आजूबाजूने घासा. तिथेच घासाल तर ती वाढते."

सुपरवायझरांनी मान डोलावली आणि नेमकं तिथेच घासलं. गळती दिसेल तिथे खोदायचं, ही जन्माची सवय कुठे जाणार?

तरी दगडाने त्यांना वेड लावलं. मधाच्या रंगाचा, आणि मधून एक पांढरी रेघ गेलेला. आपली कांडी ओळखू यावी म्हणून त्यांनी तिला लाल दोरा गुंडाळला आणि घरी जाहीर केलं, "पोरीच्या लग्नात तिच्या गळ्यात माझ्या हातचं पेंडंट असणार." मुलीने नुकताच आपला आपण मुलगा पसंत केला होता. तो गुणी होता, मवाळ होता. पण लहानपणीच आई गेलेली, वडिलांनी एकट्याने वाढवलेला, त्यामुळे वडिलांच्या मनाविरुद्ध पाऊल टाकणार नव्हता. मुलीचा जीव त्या वडिलांच्या एका होकारात अडकला होता.

आणि इथेच घोळ सुरू झाला. एका संध्याकाळी सुपरवायझरांनी दगडाबरोबर अंगठाही चाकावर धरला. पट्टी बांधून ते काही दिवस घरी बसले. साबण आणि बटाटे याच काळातले. परत गेले तर स्टँडवर कांडी होती, लाल दोरा होता, दगडही होता. पण उजवीकडची सपाटी नाहीशी होऊन डावीकडे आली होती.

"मीच विसरलो असेन," म्हणत त्यांनी डावीकडे घासलं. दुसऱ्या दिवशी सपाटी वरच्या टोकाला! त्यांनी ती घालवली, तर पुढच्या संध्याकाळी खालची कड खाल्लेली. पेंडंटाचा दगड अंगठीएवढा झाला, अंगठीचा कानातल्याएवढा.

"अगं, तो दगड रात्रीचा झिजतो," त्यांनी बायकोला कुजबुजत सांगितलं.

"झिजतंय ते दुसरंच काहीतरी," बायको त्यांच्या कपाळाकडे बघत म्हणाली.

उस्तादांना विचारलं, तर ते म्हणाले, "अकीक हट्टी असतो. त्याच्या मनात येईल तसा होतो."

शेवटी सुपरवायझरांनी ठरवलं, दगड आता नजरेआड करायचा नाही. कांडीसकट तो रुमालात गुंडाळून त्यांनी घरी आणला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. दगड आता मसुराच्या दाण्याहून जेमतेम मोठा उरला होता. पण झळाळत होता लेकाचा!

दुसऱ्याच दिवशी मुलाचे वडील पहिल्यांदा जेवायला येणार होते.

"बाबा, ते डेंटिस्ट आहेत, शिस्तीचे आहेत," मुलीने हात जोडले. "आज दगडाबद्दल एक अक्षर काढायचं नाही."

"मग बोलू काय?"

"हवापाण्याचं बोला. पाण्यातलं तर तुम्हाला कळतं ना?"

डेंटिस्ट मुलाला घेऊन आले ते स्वतःचीच दाढ ठणकत असल्यासारखा चेहरा घेऊन. नमस्कार झाले, पानं वाढली गेली. सुपरवायझरांनी वर पाहिलं आणि त्यांचा घास हातातच राहिला. पाहुण्यांच्या डोक्यावर एक केस नव्हता, आणि ते बसले होते बरोबर ट्यूबलाइटखाली. काय तो घुमट! सुपरवायझर नकळत डावीकडे झुकले. रेघ सरकली. उजवीकडे झुकले. कुठे म्हणून अडखळली नाही. ते पुन्हा झुकले.

डेंटिस्टही काही कमी नव्हते. ते सुपरवायझरांच्या पुढच्या दाताचा तुटका कोपरा टक लावून बघत होते आणि त्यांचा अंगठा आपोआप टेबलाच्या कडेवर घासत होता.

"हवा बरी आहे," सुपरवायझर म्हणाले.

"हं," डेंटिस्ट म्हणाले.

"पाणीही बरं आहे."

"हं."

मग नुसते चमचे वाजत राहिले. मुलीने पाण्यात देव ठेवले होते. आता देवही गुदमरायला लागले असावेत. मुलगा बापाला टेबलाखालून लाथा मारत होता. त्यातली एक सुपरवायझरांना लागली, तरी ते सभ्यपणे हसले.

"हात धुऊन येतो," म्हणून डेंटिस्ट उठले आणि आतच राहिले. बराच वेळ झाला. नळाचा आवाज थांबला, तरी ते येईनात.

"बाबांना काहीतरी खटकलंय," मुलगा हळूच म्हणाला. "असे कधी गप्प नसतात ते."

मुलीचे डोळे भरून आले. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. आपल्या डुलण्यामुळे पोरीचं लग्न मोडलं, असं सुपरवायझरांना अगदी मनापासून वाटलं, आणि त्या क्षणी ते जगातल्या सगळ्या घुमटांवर पाणी सोडायला तयार होते.

तेवढ्यात डेंटिस्ट बाहेर आले. त्यांच्या हातात साबण होता.

"हा कोणी घासला?"

सुपरवायझरांनी खुनी हजर व्हावा तसा हात वर केला.

"कड अप्रतिम आहे," डेंटिस्ट म्हणाले. "पण उजवीकडे सपाटी राहिलीय."

"तुम्ही... तुम्हीपण?"

"सकाळची बॅच!" डेंटिस्टांना कंठ फुटला. "या कार्ट्याने बजावलं होतं, दगडाबद्दल एक अक्षर काढायचं नाही! मग बोलू काय? मला दुसरं येतंय काय?"

मग काय विचारता! दोघं एकमेकांना मिठी मारायचेच बाकी राहिले. चाकं, लाख, पाणी, उस्तादांचा विसरभोळेपणा. जेवण गार होत होतं आणि मुलगी डोळे पुसत हसत होती. मात्र एकदम डेंटिस्टांचा चेहरा पुन्हा पडला.

"आज माझा मूड नव्हता त्याचं कारण सांगू? माझा दगड चोरीला गेला. होणाऱ्या सुनेच्या अंगठीसाठी करत होतो. त्यातही कोणीतरी रोज मागून येऊन तो बिघडवत होतं. मी सकाळी सपाटी काढायचो, दुसऱ्या सकाळी बघतो तर भलतीकडे दुसरी!"

"अहो, माझंही अगदी तसंच!" सुपरवायझर ओरडले. "संध्याकाळी नीट करून ठेवायचं, आणि कोणीतरी नालायक..."

"नालायकच! मधाच्या रंगाचा दगड होता हो. मधून पांढरी रेघ."

सुपरवायझरांचा हात खिशाकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला.

"उस्तादांनी दिला मला," डेंटिस्ट सांगत होते. "म्हणाले, ती लाल दोऱ्याची कांडी घ्या, तो अंगठा कापून घेतलेला माणूस काही परत येत नाही."

सगळ्यांच्या नजरा सुपरवायझरांच्या अंगठ्याकडे गेल्या. पट्टी अजून होती. त्यांनी सावकाश रुमाल काढला आणि टेबलावर सोडला. लाल दोरा, कांडी, आणि टोकाला मसुराएवढा अकीक.

"म्हणजे खालची कड तुम्ही खाल्लीत!" सुपरवायझर म्हणाले.

"आणि सपाटीवरच घासणारे ते तुम्ही! उस्ताद घसा फोडून सांगतात, आजूबाजूने घासा!"

"माझ्या पेंडंटाचा दाणा केलात!"

"माझ्या अंगठीचा चोर निघालात!"

"बाबा!" मुलगा आणि मुलगी एकदमच किंचाळली.

तेव्हा आईने हात पुसले, कांडी उचलली आणि दगड ट्यूबलाइटखाली धरला. इतके दिवस वाटीवर आणि आज टकलावर रेघ कशी सरकवतात हे तिने पाहिलंच होतं. तिने कांडी फिरवली. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकली.

"एक सकाळी घासणार, एक संध्याकाळी," ती म्हणाली. "दोन हट्टी बापांच्या तावडीत सापडूनही हा फुटला नाही. आहे एवढासा, पण पक्का आहे. आणि करत होतात दोघं एकाच पोरीसाठी. मग चोरी कसली आणि भांडण कसलं?"

डेंटिस्टांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अंगठी नाजूक करावी लागेल, बाळ. चालेल?"

"पळेल," मुलगी म्हणाली, आणि या वेळी रडली ती आनंदाने.

गोड वाढलं गेलं. नुकतेच झालेले दोन व्याही दगडावर डोकी वाकवून बसले होते.

"व्याही," डेंटिस्ट डोळा बारीक करून म्हणाले, "इथे वरच्या अंगाला... अगदी किंचित..."

"मलाही तसंच वाटतंय," सुपरवायझर म्हणाले. "एकच हात फिरवला, तर..."

आईने झडप घालून दगड उचलला आणि मुलीच्या मुठीत कोंबला. मग ती आत गेली आणि दोन नवे कोरे साबण घेऊन आली. एक नवऱ्यापुढे ठेवला, एक व्याह्यांपुढे.

बेसिनपाशी बराच वेळ नळ वाहत होता आणि खांद्याला खांदा लावून दोघं वाकले होते.

"तिथेच नका हो घासू, व्याही," आतून आवाज आला. "आजूबाजूने घासा."