तात्यांचं चिकन आऊट

आमच्या दिघीचे दामूतात्या दर शुक्रवारी सकाळी परीटघडीचं धोतर नेसून, पिशवी घेऊन धक्क्यावर येतात, पलीकडच्या आगरदांड्याचं तिकीट काढतात आणि फेरीबोट लागली की घरी परत जातात.

पिशवी मात्र बोटीने जाते. ओळखीचा जो दिसेल त्याच्या गळ्यात ती मारतात. आत सुके बोंबील, नाहीतर त्यांच्या गिरणीतलं तांदळाचं पीठ. पलीकडे त्यांची लेक सुमन ती घ्यायला उभी असते. मी शेजारी, शिवाय रोज तिकडे नोकरीला जाणारा, त्यामुळे हा मान बहुतेक माझाच.

"काय तात्या, आजपण घाबरलात?" असं कोणी विचारलं की ते भडकतात.

"घाबरलो न्हाय. चिकन आऊट केलं!"

हा शब्द नातीने शिकवला. तेव्हापासून ते गावाला त्याचा अर्थ समजावत सुटलेत. "ठरवायचं, तयारी करायची, आन् ऐन टायमाला भ्या वाटून मागं फिरायचं, त्याला चिकन आऊट म्हनतात. घरी बसून भ्यालं तर ते न्हाय चालत. आधी धक्क्यावर यावं लागतं!"

'भित्रा' म्हटलं की अपमान, पण इंग्रजांनी खास क्रियापद केलंय म्हटल्यावर तेच काम एकदम इभ्रतीचं झालं. तांदळाचं पोतं एका दमात उचलणारा हा मिशाळ माणूस पाण्याला का भितो, हे विचारायची कोणाची टाप नव्हती. रस्त्याने वळसा घालून जावं तर एसटीत त्यांना उलट्या होतात.

गेल्या शुक्रवारी ते आले ते पिशवीशिवाय. चेहरा पांढराफटक. सुमनचं दुसऱ्या दिवशी पोटाचं ऑपरेशन होतं आणि सकाळीच तिचा फोन आला होता, "बाबा, मी चिकन आऊट करतेय. दवाखान्यातून घरी चाललेय." डॉक्टरांनी बजावलं होतं, आता लांबवलं तर जिवावर बेतेल.

"तिची आय आसती तर समजावलं आसतं तिनं," तात्या म्हणाले. "मी कुठल्या तोंडानं सांगू, मागं फिरू नको म्हनून?"

बोट लागली. तात्या चढले.

बोट कलली तसं त्यांनी डोळे मिटून माझं मनगट आवळलं. रोज जाणारा मी, पण त्या दिवशी पहिल्यांदाच खाली पाणी किती खोल असेल याचा विचार मनात आला आणि मीही दुसऱ्या हाताने कठडा धरला. मध्यावर इंजिनाचा आवाज जरा बदलला. तात्यांच्या तोंडून देवाचं नावही पुरतं निघेना. हा माणूस पलीकडे धड पोचतोय का, याचीच मला धास्ती वाटायला लागली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मीच तो त्यांच्या खिशातून काढला, स्पीकर लावला आणि तोंडाशी धरला. सुमन होती.

"बाबा, कुठे आहात? कसला एवढा आवाज?"

"बोटीत हाय."

तिला रडूच फुटलं. "बाबा, मला खूप भीती वाटतेय हो."

तात्यांनी डोळे उघडले नाहीत. दातांवर दात वाजत होते.

"मला पन लय भ्या वाटतंय, बाय," ते म्हणाले. "तू जाऊ नको कुठं. मी येतोय. दोघं मिळून भिऊ."