हेमांगीबाईंच्या प्रबंधास मान मिळाला त्याची हकीकत

विद्यादेवतेचे चरणीं मस्तक ठेवून वृत्त लिहितों ऐसें जे, शके एकोणीसशें चव्वेचाळीस, शुभकृतनाम संवत्सरीं, फाल्गुनमासीं एका राज्याचे विद्यापीठांत मोठा समारंभ नेमिला होता. त्या राज्याचे पूर्वेस नदी आणि नदीपलीकडे शेजारी राज्य आणि उभयतांत जुनें वैर. म्हणोन राज्यरक्षण व परराज्यव्यवहार या विषयीं उत्तम प्रबंध लिहून जो विद्यावाचस्पती होईल, त्यास दरसाल शाल व सुवर्णपदक द्यावें आणि त्याचा विचार दरबारीं ऐकावा, ऐसा शिरस्ता होता. त्या सालीं हेमांगीबाई खरमाटे यांचा प्रबंध निवडीस आला. बाई दोहों तीरांच्या वृद्ध शिपायांस घरोघरीं जाऊन भेटल्या आणि त्यांचे बोल उतरून घेतले आणि मग सिद्धांत मांडिला कीं, मागील लढाई कोणासच नको होती. आपली फौज सरावास नदीकांठीं जमली, ती पलीकडील लोकांस चढाई वाटली. त्यांनीं भयानें तोफा पुढें आणिल्या, ती आपणांस चढाई वाटली. आणि मग गोळा सुटला. सरावाचा निरोप अगोदर धाडिला असता तर लढाई टळती.

परीक्षकांत मुख्य हैबतराव खलाटे, निवृत्त सेनापती. त्या लढाईंत फौज त्यांनींच चालविली आणि त्यांचे धाकटे बंधू त्यांच्या डोळ्यांदेखत पडले. दुसरे परीक्षक दरबारचे सचिव विनायकपंत आगाशे. पंत बोलिले, "हा प्रबंध गौरविला तर ज्यांचीं माणसें गेलीं त्यांस काय सांगावें? दुसरा निवडूं." हैबतराव म्हणाले, "आधीं बाईंस बोलवा." मग बाई आल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या.

"बाई, माझा भाऊ त्या लढाईंत गेला, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे, रावसाहेब."

"मग तो उगाच गेला म्हणतां?"

बाई म्हणाल्या, "त्यांनीं आपलें काम चोख केलें. पण लढाई टळती, हें खरें. तें लिहितांना तुमची आठवण होऊन हात थांबे. पण खोटें लिहवेना."

हैबतराव उठोन खिडकीपाशीं गेले. मग हळू बोलिले, "त्या दिवशीं मी दुर्बीण लाविली होती. पलीकडचे गोलंदाज कोवळे, भ्यालेले दिसले. आम्हीही भ्यालों होतों. हें आजवर घरांतही बोललों नाहीं." आणि मग वळोन म्हणाले, "पंत, शाल मी स्वहस्तें घालीन."

समारंभीं तैसेंच जाहलें. हैबतरावांनीं बाईंस शाल पांघरिली आणि पदक दिलें आणि दरबारीं जाऊन आग्रह धरिला कीं, येत्या सरावाचा निरोप पलीकडे धाडावा. पंत म्हणाले, "ते हांसतील." हैबतराव म्हणाले, "हांसोत. हांसणारा तोफ डागत नाहीं." मग निरोप गेला, आणि पलीकडून दोन सरदार सराव पाहण्यास आले. पहिले दिवशीं ते ताठ बसले, कोणाशीं बोलेनात. दुसरे दिवशीं छावणींत पिठलें-भाकरी वाढिली तों एकानें पुन्हा मागून घेतली आणि मग बोलणीं सुरू जाहलीं. पुढें मार्गशीर्षांत शेजाऱ्यांचा सराव आला, तेव्हां त्यांनींही आपण होऊन निरोप धाडिला आणि हैबतरावांस पाहुणे म्हणोन बोलाविलें. हैबतराव होडींत बसोन पार गेले आणि चौथे दिवशीं परतले, तों पंत घाटावर वाट पाहत उभे. पंतांनीं घाईनें पुसिलें, "काय पाहिलेंत?"

हैबतराव काठी टेकीत पायरी चढले आणि बोलिले, "सराव पाहिला, पंत. नुसता सराव."

तात्पर्य, वैर सरलें ऐसें नव्हे. परंतु सराव जमतांच दरवेळीं नदीकांठचीं गांवें घरें सोडून पळत, तीं या दोन्ही सरावांस जागचीं हललीं नाहींत. हें यश हेमांगीबाईंचें आणि तें मान्य करणाऱ्या हैबतरावांचें. लेखनसीमा.