घसरणीला रेघच हवी

लग्नाच्या पंगतीत वरणात बोट बुडवून पत्रावळीवर आलेख काढणारा गृहस्थ मी एकच पाहिला: माझे शेजारी त्र्यंबकराव इंगळे. वरपक्षाने बुंदी किती खाल्ली आणि वधूपक्षाने किती, याचे दोन स्तंभ त्यांनी उभे केले. "तुलनेले खांब, वाटनीले गोल, चढउताराले रेघ," असे मला बजावून ते पत्रावळीसह व्याह्यांकडे निघाले. मी हात धरून बसवले.

तालुक्याच्या कचेरीत आकडे मांडणे हे त्यांचे काम. मी शाळेत संस्कृत शिकवणारा. मंत्राला त्याचाच छंद, तसा आकड्याला त्याचाच आलेख, ही त्यांची निष्ठा मला उपासनेसारखी वाटे.

त्या वर्षी गावची विहीर पौषातच आटली. मुली शाळा सोडून कोसभर दूरच्या मळ्यातून पाणी आणू लागल्या. त्र्यंबकरावांनी त्यांच्या हजेरीची रेघ काढली. फाल्गुनापर्यंत ती उतरतच गेली होती. बुलढाण्याहून तपासणीला येणारे जिल्ह्याचे पाहुणे ती पाहून नवी विहीर देतील, अशी गावाला आशा होती. गावचा अर्ज घेऊन मी कचेरीत उभा असतानाच साहेब कडाडले.

"इंगळे, गोल काढा. रंगीत. मुले इतकी, मुली इतक्या."

"साहेब, गोलात महिने दिसत नाहीत. हे घसरून राह्यलं."

"पाहुण्यांना घसरण दाखवायची आहे?"

"हाव. त्याच्याचसाठी तं काढली."

कचेरी हसली. दुसऱ्या कारकुनाने गुलाबी-निळा गोल रंगवला. "किती सुबक!" म्हणत पाहुणे चहा घेऊन गेले. विहीर मिळाली नाही. त्र्यंबकरावांना टपालाच्या टेबलावर बसवले गेले.

चैत्रात सांत्वनासाठी त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर कोळशाने तीच रेघ होती, पण टोकाला किंचित वर वळलेली. शाळेत पाच मुली परतल्या होत्या, हे मलाही ठाऊक होते.

"विहीर तर झाली नाही. मग या कशा परतल्या?"

त्यांनी उपरणे खांद्यावर ओढले. कावडीचा लाल वळ तरीही दिसला.

"कचेरीच्या आंधी पाचच घरचं पानी भरून होते, गुरुजी. म्हनून रेघ बी पाचानंच चढली."

"आणि तुमच्या घरचे पाणी?"

"माह्या घरी कोन हाये? एक घागर पुरते," ते म्हणाले, आणि तिच्यातूनच गडू भरून त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

मला तो पिववेना.