इंजिनचा नंबर बरोबर होता

"नवरदेवले फोटोले याले येळ नही, मंग लगीनले तरी येई का?" पितांबर आबांनी विचारलं आणि भाच्याकडे असं बघितलं, जणू रजा त्यानेच नामंजूर केली होती.

भाचा म्हणजे प्रशील. धुळ्यात देवपूरला शाळामास्तर, आणि सुट्टी मिळाली की मालगाड्यांचे फोटो काढत हिंडणारा. कुठे जुना बोगदा आहे, कुठे गंजलेला डेपो आहे असं नुसतं कानावर आलं, की स्वारी मोटारसायकलवर. या नादात जळगावला त्याची मालगाडीच्या एका तरुण ड्रायव्हरशी, धर्मेंद्रशी, दोस्ती झाली आणि ते स्थळ त्याने थेट मामेबहिणीसाठी आणलं. ज्योत्स्नाला मुलगा मनापासून आवडला. आबांना मात्र धास्ती. "मालगाडीना मानूस. कव्हा घर येई, काय भरवसा? पोर जन्मभर दारात उभी ऱ्हाई," असं म्हणत त्यांनी पत्रिका छापायचं लांबवत नेलं होतं. त्यात आता प्री-वेडिंग शूटलाच रजा नाही. लग्न मोडायला आलं होतं आणि जमवणारा प्रशील होता.

"मामा, तो येत नाही ना? मग त्याची गाडी तर येते!" प्रशीलला सुचलं. धरणगावजवळ आबांचं कपाशीचं शेत रुळाला लागूनच. ज्योत्स्नाने कुंपणाच्या आत उभं राहून हात हलवायचा, धर्मेंद्रने खिडकीतून. धर्मेंद्रने ड्युटीवर चढताना इंजिनचा नंबर कळवला आणि नियमाप्रमाणे फोन बंद केला.

दुपारी सगळे शेतात. ज्योत्स्ना मोरपंखी साडीत, भागाबाई मामी मोबाइल सरसावून. लांबून मालगाडी दिसली. प्रशीलने लेन्समधून नंबर वाचला आणि ओरडला, "हीच! हलव हात!"

ज्योत्स्नाने दोन्ही हात हलवले. ड्रायव्हरही खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हात हलवू लागला, वर लांबलचक भोंगा दिला. ज्योत्स्ना एकदम थिजली. "दादा, अरे, हे ते नाहीत!" ती ओरडत होती, पण डब्यांच्या धडधडाटात कोणाला ऐकू जाणार? गाडीचं शेपूट निघून जाईपर्यंत मामींनी डोळे पुसून फोटो स्टेटसला टाकलासुद्धा. वर लिहिलं, 'आमचे जावई'.

लगेच चोपड्याहून धर्मेंद्रच्या उषा आत्याचा फोन. "वहिनी, आमना धर्मा इतला म्हातारा कव्हा झाया? आन् ज्योत्स्ना कोनले हात दाखवी ऱ्हायनी?"

प्रशीलने फोटो मोठा करून बघितला. नंबर लख्ख, नट-बोल्टसुद्धा मोजून घ्यावेत. आणि खिडकीत पन्नाशीचे, भरघोस मिशांचे एक गृहस्थ, आनंदाने फुललेले. प्रशीलचं नेहमीचंच. गाडी दिसली की त्याची नजर नंबरावर जायची. ड्रायव्हर म्हणजे फोटोत उगाच आलेलं माणूस.

"पण मामा, इंजिन तेच आहे!"

"इंजिनसंगे लगीन लावनं शे का?" आबा कडाडले. त्यांनी फोन काढला. "बस झायं. मी त्याना बापले 'नही' सांगस."

"आबा, थांबा ना," ज्योत्स्नाचा आवाज रडवेला झाला. फोनची रिंग जात होती.

तेवढ्यात मागून दुसरी मालगाडी आली, हळू झाली आणि पुढे सिग्नल लाल म्हणून बरोब्बर शेतासमोर थांबली. खिडकीत धर्मेंद्र!

"जय भीम, आबा! ऐन वेळी इंजिन बदललं आमचं!"

आबांनी फोन कापला आणि तरातरा कुंपणापाशी गेले. जावई चांगलाच सापडला होता. इंजिन सोडून खाली येता येईना, गाडी पुढे जाईना. "माले सांग, मनी पोर जन्मभर तुनी वाट देखत उभी ऱ्हाई का?"

धर्मेंद्रने तोंड उघडलं, पण ज्योत्स्नाच बोलली. "आबा, मी नर्स आहे. माझीसुद्धा निम्मी ड्युटी रात्रपाळीची. दारात कोण उभं राहायचं, ते आमचं अजून ठरायचंय."

"मीच राहीन, आबा," धर्मेंद्र म्हणाला. "पोळ्या जमतात. भाजी शिकतोय."

आबांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. कोणती भाजी, इथपासून सुरुवात झाली. वांग्याच्या भरताची कृती निघाली, मग कपाशीचा भाव, मग इंजिनात पंखा असतो का नाही. सिग्नल सुटला आणि गाडीने आचका दिला, तसे आबा उखडले, "अरे, इतल्यात? आत्ते तं बोलनं सुरू झायं! धर्मेंद्र, पत्रिका टाकस रे छापाले!"

ज्योत्स्ना मनसोक्त हात हलवत राहिली. गाडी दिसेनाशी झाल्यावर मामींनी विचारलं, "प्रशील, फोटो निघाला ना रे छान?"

प्रशीलने गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो माणसं बघत उभा राहिला होता. "मामी... काढायचाच राहिला."

"जाऊ दे," आबा म्हणाले. "तो परत कव्हा येई आठून?"

"मालगाडी आहे, मामा. उद्या येईल, नाहीतर चार दिवसांनी. काय सांगावं?"

"मंग बांधवर खाट टाकी दे. पोरनी ड्युटी शे. मी ऱ्हासू उभा."