अप्पांचं बारावं प्रकरण

चिन्मय, इरा, बसलिंगअप्पांचं पुस्तक छापून आल्याचं तुमच्या बाबांनी कळवलंच असेल. त्यात जे नाही, ते तुम्हाला ठाऊक असावं. तुमच्या आजीची नजर दर महिन्याला अधिक अधू होते आहे, म्हणून आजच लिहिते.

अप्पा कुणाच्या वास्तुशांतीला गेले की देवघराआधी माळा पाहत. अहमदपूरला आम्ही घर बांधलं, तेव्हा सत्यनारायण चालू असताना हे गृहस्थ शिडीवर. वरून ओरडले, "मॅडम, दोन माणसं मावतात! तिसरा खोकला की संपलं." गुरुजी पोथी वाचायचे थांबले.

आमच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायची, अप्पा तत्त्वज्ञान. चाळीस वर्षं ते एकच पुस्तक लिहीत होते. दुसऱ्या महायुद्धात परदेशात सरकारच ज्यांच्या जिवावर उठलं होतं, त्यांना घरात लपवणाऱ्या साध्या माणसांचं. कुणी पाव भाजणारा, कुणी शाळेतली बाई. यांना धीर आला कुठून? पुस्तकांत उत्तर मिळेना, म्हणून अप्पा गावाला विचारत. भाजीवाल्या गयाबाईला म्हणाले, "पोलीस मागं लागलेला माणूस तुझ्या दारात आला तर?"

"जेवलाव का, विचारीन की."

"अन् पोलीस आले तर?"

"त्यायला न्हाई विचारणार. भाजी घ्या अप्पा, सुकून राहिली."

हे त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर उतरवून घेतलं. मला म्हणाले, "दार उघडणाऱ्याकडं कारण नसतं, मॅडम. लावणाऱ्याकडं लई असतात."

अकरा प्रकरणं झाली. बारावं आपल्या मुलखाचं असणार होतं, ते होईना. विचारलं की अप्पा चहा मागवत. मागच्या वर्षी एकदम म्हणाले, "नांदेडला चला माझ्यासंग. एकट्यानं जमंना."

एसटीत त्यांनी सांगितलं. निजामाचं राज्य गेलं तेव्हा अप्पा सहा वर्षांचे. रझाकारांच्या जुलमाचा सूड, ज्यांनी काहीच केलं नव्हतं अशा मुसलमान घरांवरही उगवला गेला. शेजारचा करीम शिंपी अप्पांच्या दाराशी धावत आला. आत अप्पांसकट घरची चार लेकरं. वडिलांनी कडी काढली नाही. करीम त्यांना नावानं हाका मारत राहिला. मग हाका थांबल्या.

त्या वेळी मांडीवर असलेली करीमची मुलगी, शमीमबी, नांदेडला लसूण सोलत बसली होती. अप्पांनी उभ्यानंच सगळं सांगितलं आणि लिहायची परवानगी मागितली.

"मालूम हाय. अम्मी सांगायची." ती लसूण सोलत राहिली. "यायला इतकी सालं लागली व्हय? नांदेड काय लई लांब हाय?"

"भ्यालो होतो," अप्पा म्हणाले.

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "लिवा. पण नावं खरी लिवा. माझ्या अब्बाचं बी, तुमच्या वडलाचं बी."

अप्पांनी चार दिवसांत सात पानं लिहिली. बाकी पुस्तक इंग्रजीत, त्याची भाषा मी तपासून द्यायची; ही पानं मराठीत. त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं. दिवाळीच्या आधी अप्पा गेले. त्यांच्या मुलांनी पुस्तक छापलं, पण ते प्रकरण वगळून. थोरला मला म्हणाला, "मॅडम, आजोबांचं नाव हाय त्यात. गावात राहायचंय आम्हाला." तो वाईट मुलगा नाही. मी भांडले, पण कमी भांडले.

छापील पुस्तकात अकरा प्रकरणं आहेत. बाराव्याची अप्पांच्या हातची सात पानं माझ्या कपाटात आहेत आणि त्यांची एक प्रत शमीमबीकडे आहे. दोन्हींत नावं खरी आहेत.