तिसरी कॉपी

थांबा, हे आत्ताच सांगते, नाहीतर माझ्या पोटात राहणार नाही.

आमच्या शेजारच्या मोघे काकांच्या कीबोर्डवर डिलीटचं बटण नाहीये. तुटलेलं नाही. काकांनी स्क्रूड्रायव्हरने उपटून काढलंय आणि देव्हाऱ्याखालच्या खणात, वातींच्या डबीत ठेवलंय. काही पुसायचं असेल तर काकांना कारण सांगायचं. पटलं तर ते डबी उघडणार. आजवर एकदाही पटलेलं नाही.

काका बरखेड्याच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात होते. तिथला नियम असा की मूळ ड्रॉइंग कपाटातच राहतं, बाहेर जाते ती नक्कल. काका रिटायर झाले, नियम झाला नाही. काकू वारल्यावर आईने काकांकडे काकूंच्या लोणच्याची कृती मागितली, तर दुसऱ्या दिवशी झेरॉक्स आली. "ओरिजिनल फिरवायचं नसतं, वहिनी."

तर यंदा कॉलनीच्या गणपतीत मुलांचं नाटक आहे आणि ते काकांनी लिहिलंय. म्हणजे काका खोलीत येरझाऱ्या घालत बोलतात, मी टाइप करते. कागदावर एक ओळ नाही. "हळू, बेटा. माझा विचार चालूच आहे आणि तुझं वाक्य संपलंसुद्धा."

काम झालं की तीन कॉप्या. एक कंप्यूटरवर, एक घरातल्या पेनड्राइव्हवर, आणि तिसरी घराबाहेर. "एका घरातल्या दोन कॉप्या म्हणजे एकच. आग लागली तर दोन्ही जातील." तिसरी नक्की कुठे जाते ते मी कधी विचारलंच नाही. मला वाटायचं बँकेच्या लॉकरमध्ये.

आज संध्याकाळी सहाला पहिली तालीम. बारा पोरं येणार. दुपारी म्हटलं, काकांना वाचायला सोपं जावं म्हणून अक्षरं मोठी करू. फाइल काकांनी फक्त वाचण्यापुरती उघडेल अशी लॉक केलेली. मी ते लॉक काढलं. पटकन तर करायचंय, म्हटलं. सगळं सिलेक्ट केलं, तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला. मोबाइल खांद्यात धरला, कोपर स्पेसबारवर पडलं, आणि बोटांनी सवयीने सेव्ह दाबलं. बंद केलं. वर शहाण्यासारखी तीच फाइल घरातल्या पेनड्राइव्हवर जुनीच्या जागी टाकली.

काकांनी चष्मा लावून फाइल उघडली. "कोरा कागद आहे, बेटा."

मी कंट्रोल-झेड दाबत सुटले. फाइल बंद करून परत उघडल्यावर ते काय कामाचं? सगळं नाटक गेलं होतं. मला रडूच फुटलं.

काका ओरडले नाहीत. चपला घालायला लागले. "आधी तिसरी कॉपी. रडणं नंतर. स्कूटी काढ."

"कुठे जायचं?"

"बिट्टन मार्केट. आज हाट आहे."

मला वाटलं, धक्क्याने काका आठवडी बाजारात भाजी आणायला निघाले. पण ते थेट कोपऱ्यातल्या भाजीवाल्या रामदीन भैयाच्या पालाशी जाऊन थांबले. मी काही विचारायच्या आत रामदीनने मेथीच्या जुड्या बाजूला सारल्या, खालून स्टीलचा डबा काढला, आणि त्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पेनड्राइव्ह.

"लो बाबूजी. पानी से बचा के रखा है."

"यहाँ? मला वाटलं, बँकेच्या लॉकरमध्ये असेल," मी म्हटलं.

"तुझ्या बँकेला रविवारची सुट्टी असते," काका म्हणाले. "हा माणूस एकही हाट चुकवत नाही."

काका पलीकडे कोथिंबीर बघायला गेले, तेव्हा रामदीन मला हळूच म्हणाला, "बिटिया, हर हाट में पुराना ले जाते हैं, नया दे जाते हैं. पहले माताजी के साथ आते थे. अब अकेले आते हैं, सब्ज़ी पाव भर लेते हैं, और यहीं बोरे पे घंटा भर बैठते हैं. हमको पूरा नाटक ज़बानी सुना चुके हैं. शेर वाला सीन बढ़िया है."

घरी येऊन पेनड्राइव्ह लावला. नाटक होतं, अख्खं. पहिल्या पानावर काकांनी कारखान्यातल्या ड्रॉइंगवर असतो तसा तक्ता केलेला: तारीख, बदल, सही. मी पावणेसहाच्या घाईत तो भराभर खाली सरकवत होते आणि मध्येच थांबले. मे महिन्यात मी परीक्षेमुळे फिरकलेच नव्हते. एक ओळ टाइप झाली नव्हती. तरी प्रत्येक हाटाची नोंद होती.

बदल: काही नाही. बदल: काही नाही. बदल: काही नाही.

म्हणजे काका महिनाभर तीच फाइल उन्हातून नेत होते आणि तीच परत आणत होते.

प्रिंट काढली. पोरं आली, सिंह कोण होणार यावर भांडली, तालीम झाली. पोरं गेल्यावर काकांनी नवी कॉपी काढली आणि म्हणाले, "पुढच्या हाटाला ही पोचवायला हवी."

"मी येते. पण घाई नको हं काका, मला तासभर बसायचंय तिथे."

काकांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

तुम्हालाही बोलावतं का हो कुणी असं, काहीतरी काम काढून? आणि तुम्ही ते काम चटकन उरकून त्यांना मोकळं केलंय का कधी? मी केलंय, चार महिने. म्हणून विचारतेय.