डायोजेनिसाच्या अंड्याची मोहीम

श्रीकावेरी प्रसन्न. पुढील पिढीस कळावें, आणि कळलें तरी ती लक्ष देईल ऐसी आशा नाहीं, तथापि लिहून ठेवणें प्राप्त, म्हणोन हें वर्तमान लिहिलें ऐसें जे. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरीं, पौष शुद्ध पक्षीं, रविवारीं, तंजावूर नगरीं राजवाड्यामागील गल्लींत मराठी मंडळाचे सभागृहीं जें तुंबळ युद्ध जाहलें, ज्यांत एकही मनुष्य पडला नाहीं, मात्र मोठमोठ्यांचीं तोंडें पडलीं, त्याची हकीकत येणेंप्रमाणें.

मंडळाचे चिटणीस राजमान्य राजश्री अनिरुद्धराव, निवृत्त पोस्टमास्तर. सर्व त्यांस अण्णा म्हणत. त्यांचे पदरीं जुन्या ज्ञानकोशाचे दोन खंड होते आणि तिसरा खंड कधीं आला नाहीं, म्हणून दर साल मुलांचा कार्यक्रम त्या दोन खंडांतूनच निघत असे. या साली फर्मान सुटलें कीं जगांतील थोर तत्त्ववेत्ते आणि धर्मचिंतक यांचीं चरित्रें मुलांनीं वेष घेऊन मराठींत सांगावीं. ज्यांनीं उभी हयात विचार करण्यांत घालविली त्यांस प्रत्येकीं तीन मिनिटें नेमून दिलीं, आणि आभारप्रदर्शनास पंचवीस.

आतां या मोहिमेची नायिका. भारतीबाईंची कन्या नित्या, वय वर्षें पंधरा, इयत्ता दहावी, सायकलस्वार. तिची पूर्वसेवा सांगावी तर ऐसी: दोन सालांमागें ग्रीस देशींचे ज्ञानी जाहले, तेव्हां हिणें सॉक्रेटिसाचा विषाचा पेला धरिला. गतसालीं आशियाचे ज्ञानी जाहले, तेव्हां ही बोधिवृक्ष जाहली. वृक्षानें बोलूं नये, हालूं नये, आणि मुंगी चावली तरी ज्ञानप्राप्ति दुसऱ्यास होऊं द्यावी, ऐसी ताकीद होती. कारण इतकेंच कीं तिला मराठी समजे सर्व, बोलतां अडखळे. घरीं रागवावयास मराठी, भांडावयास तमिळ आणि परीक्षेस इंग्रजी, ऐसी तीन राज्यें एके जिभेवर नांदत होतीं.

परंतु या साली शाळेच्या वादसभेंत तिणें बारावीच्या दोन मुलांस निरुत्तर केलें, आणि तेव्हांपासून तिचा आवाज ऐसा कांहीं उघडला कीं हिची हाक येऊं नये म्हणोन दूधवाला दोन घरें अलीकडूनच घंटी वाजवूं लागला. मग तिणें पण केला कीं या खेपेस आपण बोलूं. पूर्ण तीन मिनिटें, मराठींत, उभ्या सभेपुढें. न जमल्यास जन्मभर झाड.

वांटणी जाहली. सॉक्रेटिस मागील खेपेप्रमाणें चेतन यास, कारण चेतन हा अण्णांचा नातू आणि त्याजपाशीं स्वतःची पांढरी दाढी. गार्गी, हायपेशिया, कन्फ्यूशियस हे भले भले, ज्यांच्या आया सभेस वेळेवर आल्या त्यांस गेले. शेष राहिला डायोजेनिस. हा ग्रीस देशींचा फटकळ तत्त्ववेत्ता, घरदार टाकून बाजारांत एका रांजणांत राही, अंगावर धड वस्त्र नाहीं, राजा भेटीस आला तर त्यासही चार शब्द सुनावी. ऐसा जांवई कोणास नको आणि ऐसी भूमिका कोण्या आईस नको. नित्येनें हात वर केला आणि खालीं घेतलाच नाहीं.

अण्णांचा हुकूम जाहला कीं बोलावें, परंतु शुद्ध मराठींत. पुण्याहून पाहुणे येणार, त्यांपुढें एकही तमिळ शब्द निघाला तर घंटा वाजवून तेथेंच खालीं उतरविणें, आणि पुढें कधीं मागणें करूं नये. नित्येनें अट कबूल केली.

मग तालमी. आमचे लोकांत देवनागरी वाचणारे थोडे, म्हणून नित्येनें आपलें मराठी भाषण तमिळ अक्षरांत लिहिलें. तमिळ लिपी मोठी काटकसरी, तींत प आणि भ यांस एकच अक्षर पुरतें. पहिले तालमीस ती घाईनें वाचती जाहली कीं मी पांड्यांत राहातों. भांड्यांत म्हणावयाचें होतें. चोळांच्या राजधानींत उभें राहून पांड्यांचा, म्हणजे त्यांचे मदुरैच्या वैऱ्यांचा, रहिवास सांगणें हा केवढा राजद्रोह. चेतनानें दाढी खालीं ओढून विचारिलें, "मदुरैस कोठ राहातोस ग? बस स्टँडाजवळ?" सर्व तत्त्ववेत्ते हंसले. कन्फ्यूशियस तर खुर्चीवरून घसरला. नित्या घरीं गेली आणि कागदावर जितके भ होते तितक्यांखालीं लाल शाईनें टिंब देऊन, आरशापुढें, न्हाणीघरांत आणि सायकलीवर, आठ दिवस तोच मुलूख पुन्हां पुन्हां तुडविती जाहली.

राहिला रांजण. पापनाशमांत नित्येची अत्या अंबुजाबाई, तिजपाशीं खानदानी अंडा होता. अंडा म्हणजे आमचे इकडे लग्नकार्याचा तो पितळेचा थोर हंडा, ज्यांत शंभर पानांचें सांबार शिजतें आणि डायोजेनिस पाय दुमडून सहज मावतो. अत्येनें तो चिंच लावून ऐसा घांसला कीं नित्येस आपले दांत त्यांत दिसले. उभयतांची मसलत पक्की जाहली. तों अण्णांचें दुसरें फर्मान आलें कीं कोणीही परस्पर सामान आणूं नये, गोंधळ होतो, सर्व सरंजाम यादीप्रमाणें मंडळच पुरवील, अंबुजाबाईंचे घरून अंडाही मंडळच आणवील.

यादी अण्णांनीं स्वहस्तें लिहिली, आणि पाहुण्यांपुढें मंडळाची लाज राहावी म्हणून देवनागरींत. अक्षर मोत्यासारखें. अडचण इतकीच कीं अण्णांखेरीज मंडळांत ती कोणास वाचतां येईना. ती तीन दिवस हातोहात फिरली, सर्वांनीं तारीफ केली, आणि सामान एकही आलें नाहीं.

इतक्यांत पुण्याचे पाहुणे राजश्री नितीनराव दोन दिवस आधींच दाखल जाहले. हे बोलीभाषांचे अभ्यासक, खिशांत वही, कोणीं शिंकलें तरी जुनें रूप म्हणून टिपून घेणारे. म्हणाले, मला बसून राहवत नाहीं, कांहीं काम सांगा. सबब यादी त्यांचे हातीं गेली. सर्वांस हलकें वाटलें. अण्णांवांचून गांवांत वाचणारा एक, त्यासच यादी दिली, याहून चोख कारभार कोणता!

नितीनराव ऑटोरिक्षांत बसून कूच करिते जाहले. पेला एक, पंखा एक, पोथ्या दोन, सर्व मिळालें. मग ओळ आली: डायोजेनिस, अंडा एक, मोठा; कोणाचे घरून, हें लिहावयाचें राहिलें. त्यांनीं वहींत नोंदिलें कीं आमचें अंडें, तंजावरीं अंडा, लिंग पुल्लिंग, फार प्राचीन. तत्त्ववेत्त्यास अंडें कशास, हें त्यांनीं पुसलें नाहीं. सृष्टीचें प्रतीक असेल, म्हणाले. मोठा लिहिला होता म्हणून कोंबडीचें न घेतां बदकाचें घेतलें.

रविवार उजाडला. सभागृह भरलें. पुढील रांगेंत रेशमी पट्टुसाड्या आणि मोगरा, मागील रांगेंत मोबाइल. अंबुजा अत्या पापनाशमाहून रिकाम्या हातीं आली, कारण अंडा मंडळानें कधींच नेला ऐसी तिची समजूत. प्रत्यक्षांत तो तिचे मागील अंगणांत उन्हांत चमकत बसला होता. गार्गी बोलली. हायपेशिया बोलली. कन्फ्यूशियस विसरला आणि त्याच्या आईनें पहिल्या रांगेंतून त्याचीं वचनें पूर्ण केलीं.

मग डायोजेनिसाचा पुकारा जाहला. गोणपाट गुंडाळलेली नित्या पडद्याआड अंड्याची वाट पाहात होती, तों नितीनरावांनीं अदबीनें चांदीचें तबक पुढें केलें. तबकांत तांदुळांची रास, राशीवर तें.

नित्येनें पाहिलें. तिचें सर्व भाषण रांजणाविषयीं. रांजणांत बसून आरंभ, रांजणांतून डोकें काढून मध्य, रांजण वाजवून शेवट. लाल टिंबांचे चारही कागद एका क्षणांत कुचकामी जाहले. परत जावें तर झाडाची जागा कायम. पडदा तर सरकूं लागला होता. मग ती तबक घेऊन पुढें जाहली, आणि ज्या सभागृहांत कांदा देखील मागील दारानें येतो तेथें बदकाचें अंडें समोरून येतांना पाहून पहिल्या रांगेनें पदर सांवरिले.

ती म्हणाली, "लोकहो, मी डायोजेनिस. कालपर्यंत मी अंड्यांत राहात होतों. आज तुमच्या चिटणीसांनीं माझें घर देवनागरींत लिहिलें, आणि घर येवढें होऊन आलें." तिणें तें दोन बोटांनीं उंच धरिलें. "मी मागितला अंडा. हें मुट्टै."

सभेंत हंशा फुटला. अंबुजा अत्या डोळे पुसूं लागली. एकटे नितीनराव सर्वांचीं तोंडें पाहात राहिले, आणि शेवटीं त्यांनीं अत्येस विचारिलें कीं मुट्टै म्हणजे काय. अत्या म्हणाली, अंडें. मग अंडा म्हणजे? अत्येनें दोन्हीं हात पसरून शंभर पानांचें सांबार दाखविलें. नितीनरावांनीं वही काढून एक ओळ फार हळू खोडिली.

परंतु मुट्टै हा तमिळ शब्द. अण्णा घंटा घेऊन उठले आणि वाजविली. नित्या उतरली नाहीं. दुसऱ्यांदा वाजविली. ती अण्णांकडे वळली, आणि आठ दिवस आरशापुढें न साधलेली मराठी तिच्या तोंडून ऐसी आली जैसी आई रागावतां येते.

"अण्णा, बसा थोडकें. तमिळ शब्द निघाला तर उतरायचें, कबूल. पण अंडा हा कोण भाषेचा? तोही तमिळच, ताने, होय कीं नाहीं? तुम्हींच लिहिलात, मोत्यासारख्या अक्षरांत. आधीं तुम्हीं उतरा, मग मी उतरतों."

अण्णांनीं दोन्ही खंड मनांतल्या मनांत चाळिले, आणि तिसरा तर आलाच नव्हता. मग त्यांनीं घंटा टेबलावर ठेविली आणि खालीं बसले, आणि बसतांना किंचित् हंसले, हें पहिल्या रांगेंतील सर्वांनीं पाहिलें, नंतर त्यांनीं कितीही नाकारिलें तरी.

मग वाट मोकळी जाहली. डायोजेनिसानें आपलें सर्व चरित्र सांगितलें, दिवसां दिवा लावून धड मनुष्य कसा शोधिला तें सांगितलें, राजास ऊन सोडून बाजूस उभें राहा कसें म्हटलें तें सांगितलें, मराठी अडली तेथें तमिळ घातली, आणि कोणासच अडलेलें कळलें नाहीं, कारण सभेंतील सर्व लोक घरीं नेमके तैसेंच बोलत. शेवटीं अंडें तांदुळांवर ठेवून ती म्हणाली, "यांत राहाणारा फार शहाणा. जागा पुरेनाशी झाली कीं कोणास विचारीत नाहीं. आंतूनच फोडितो."

टाळ्यांचा हिशेब कोणीं ठेविला नाहीं. जेवणाची पंगत मांडून झाली होती आणि रसम निवत होतें, म्हणून मागाहून आलेल्या सॉक्रेटिसास आपलें विष दीड मिनिटांत घ्यावें लागलें, आणि चेतन दाढी हातीं घेऊनच पानावर बसला.

येणेंप्रमाणें फत्ते जाहली. शत्रूची घंटा पाडाव, स्वपक्षाची हानि शून्य, अंडें शाबूत. नित्या तीन मिनिटांचा मुलूख घ्यावयास गेली होती, ती अकरा मिनिटें घेऊन आली. बहुत काय लिहिणें, रसम खरेंच निवलें होतें.